फुगलेला लॅपटॉप: दोष पंख्यात की बॅटरीत?

लॅपटॉप टेबलावर ठेवला की एका कोपऱ्यावर डुगडुगतो. टचपॅडची कड वर आलेली असते आणि क्लिक करताना ते नीट दबत नाही. झाकण मिटले तरी पुढच्या बाजूला बारीक फट राहते. याच सुमारास मशीन तापतही असते आणि पंखा सारखा घरघरत असतो. घरात कुणाला विचारले तर उत्तर मिळते, ‘‘एवढा तापतो, मग प्लास्टिक वाकणारच!’’ मग बाजारातून कूलिंग पॅड येतो, लॅपटॉप त्याच्यावर चढतो आणि काम पुढे चालू राहते.

हे स्पष्टीकरण पटण्यासारखे वाटते, पण ते बहुतेक वेळा चुकीचे असते, आणि धोकादायकही. म्हणून तापणारा आणि वाकलेला लॅपटॉप हातात आला, तर विचार कोणत्या क्रमाने करायचा हे समजून घेऊ.

उष्णतेने बॉडी वाकते का?

लॅपटॉपच्या बॉडीसाठी एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिके, त्यांचे मिश्रण किंवा ॲल्युमिनियम वापरतात. एबीएस मऊ पडायला तापमान साधारण १०५ अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागते, पॉलिकार्बोनेटला सुमारे १४७ अंश. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते. लॅपटॉपची बाहेरची बाजू मात्र ५० अंशांच्या आसपास पोचली, तरी आपल्याला मांडीवर सहन होत नाही. म्हणजे बॉडी मऊ पडण्याच्या कितीतरी आधी आपण लॅपटॉप बाजूला ठेवलेला असतो.

आता धातू तापून प्रसरण पावल्याची शंका उरते. ३० सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ३० अंशांनी तापवली तर तिची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटरने वाढते. एवढ्याने टचपॅड उचलले जात नाही आणि झाकणाला फटही पडत नाही. शिवाय प्रसरण पावलेली वस्तू थंड झाली की पूर्ववत होते. आपला लॅपटॉप रात्रभर बंद राहिला तरी सकाळी तसाच फुगलेला असतो.

याचा अर्थ बॉडीला आतून कुणीतरी ढकलते आहे. आणि लॅपटॉपच्या आत आकार बदलू शकेल असा मोठा भाग एकच असतो: बॅटरी.

उष्णता तयार कुठे होते?

बॅटरीकडे वळण्याआधी तापण्याचे गणित पाहू. प्रोसेसर जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॉटच्या आसपास चालतो, गेमिंगच्या मशीनमधला ४५ वॉट किंवा त्याहून अधिक. ही उष्णता नखाएवढ्या चिपमध्ये निर्माण होते. ती तिथून झटपट हलवली नाही, तर चिपचे तापमान काही सेकंदांत धोक्याच्या रेषेपर्यंत जाईल.

ती हलवण्याची एक साखळी असते. चिपवर थर्मल पेस्टचा पातळ थर असतो. चिप आणि तिच्यावर टेकणारी धातूची पट्टी या दोन्ही दिसायला गुळगुळीत असल्या तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात आणि त्यांत हवा अडकते. तांबे हवेच्या सुमारे १५ हजार पट उष्णता वाहते, त्यामुळे हवेचा हा नगण्य थरसुद्धा मोठा अडथळा ठरतो. पेस्ट ते खड्डे भरून काढते.

पुढे असते तांब्याची चपटी नळी, म्हणजे हीट पाइप. तिच्यातली हवा काढून आत थोडेसे पाणी ठेवलेले असते. दाब कमी असल्यामुळे चिपजवळच्या टोकाला त्या पाण्याची वाफ होते. वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येते. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये या नळीचा विकास केला. आज ती जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये आहे. नळीच्या थंड टोकाला धातूच्या पातळ पात्यांची जाळी असते. पंखा त्या जाळीतून हवा फेकतो आणि उष्णता बाहेर पडते.

या साखळीतला कोणताही दुवा कमकुवत झाला की लॅपटॉप तापतो. सर्वांत जास्त वेळा दोषी असते धूळ. पंखा आणि जाळी यांच्या मधल्या अरुंद जागेत धुळीचा, केसांचा, चादरीच्या तंतूंचा नमदा बसतो. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, पण हवा पुढे जातच नाही. जुनी, वाळलेली पेस्ट, घासलेला पंखा, गादीवर ठेवल्यामुळे बंद झालेली खालची छिद्रे ही त्यानंतरची कारणे.

इथे एक दिलासा आहे. प्रोसेसर स्वतःला जपतो. तापमान १०० अंशांच्या आसपास जाऊ लागले की तो आपला वेग आपणहून कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही भागले नाही, तर मशीन बंद पडते. त्यामुळे तापलेला लॅपटॉप मंद होतो किंवा अचानक बंद होतो, पण केवळ त्याने बॉडी वाकत नाही.

बॅटरी का फुगते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. लॅपटॉपमध्ये पूर्वी पोलादी नळकांड्यांतले गोल सेल असत. लॅपटॉप पातळ होत गेले तसे त्यांची जागा चपट्या सेलनी घेतली. या सेलला कठीण कवच नसते. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांची पातळ, हवाबंद पिशवी असते. म्हणून त्यांना पाउच सेल म्हणतात.

पिशवीत एका बाजूला ग्रॅफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा. दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो, आणि सगळे एका ज्वलनशील सेंद्रिय द्रवात भिजलेले असते. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटकडे जातात, वापरताना परत येतात.

हा द्रव ग्रॅफाइटच्या सान्निध्यात पूर्णपणे स्थिर नसतो. पहिल्याच चार्जिंगला त्यातला काही भाग विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा पुढचे विघटन रोखतो, त्यामुळे बॅटरी वर्षानुवर्षे चालू शकते. या पहिल्या क्रियेत वायू तयार होतो. कारखान्यात तो काढून टाकतात आणि मगच पिशवी कायमची बंद करतात.

मात्र प्रत्येक चार्जिंगला ग्रॅफाइट किंचित फुलते आणि पुन्हा आकसते. पापुद्र्याला तडे जातात, तो पुन्हा तयार होतो, आणि दर वेळी थोडा द्रव खर्ची पडतो. तापमान वाढले की या क्रिया वेगाने होतात. बॅटरी पूर्ण चार्ज असली की प्रत्येक सेलचा विद्युतदाब ४.२ व्होल्टच्या आसपास असतो. अशा वेळी ऑक्साइडच्या बाजूलाही द्रवाचे विघटन वाढते. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे वायू साठू लागतात. दुकानातून आणलेली इडलीच्या पिठाची पिशवी बाहेर राहिली की आतल्या आत वायू धरून टम्म फुगते. इथेही तसेच होते. वायू आत तयार होतो, पिशवी हवाबंद असते आणि बाहेर जायला वाट नसते. फरक इतकाच की हे वायू पेट घेऊ शकतात आणि पिशवीतला द्रवही.

हा वायू पुन्हा द्रवात जिरत नाही. बॅटरी पूर्ण उतरवा, थंड करा, काही दिवस बाजूला ठेवा; फुगवटा खऱ्या अर्थाने बरा होत नाही. फुगलेली बॅटरी संपलेली असते, मग ती अजून दोन तास चालत असली तरी.

प्रत्येक वेळी दोष वापरणाऱ्याचा असतो असेही समजू नये. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. सेलमध्ये धातूचे सूक्ष्म कण राहून गेले होते. जून २०१९ मध्ये ॲपलने १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही मशीनच्या बॅटऱ्या अतितापण्याच्या धोक्यामुळे मोफत बदलून देण्याची मोहीम काढली. म्हणून खर्च करण्याआधी आपल्या मॉडेलसाठी अशी काही घोषणा झाली आहे का, हे सीरियल नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर जरूर पाहावे.

तापणे आणि फुगणे यांचे नाते

दोन्ही दोष वेगळे आहेत, पण ते एकमेकांना बळ देतात. धुळीने तुंबलेला पंखा उष्णता बाहेर टाकत नाही, ती बॉडीभर पसरते आणि शेजारची बॅटरी सतत कोमट राहते. दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांच्या बाबतीत बॅटरी १०० टक्क्यांवर आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत तासन्‌तास असते. बॅटरी म्हातारी करायला याहून पोषक स्थिती शोधून सापडणार नाही.

उलट दिशेनेही हेच घडते. फुगलेली बॅटरी आतली जागा खाते, हवेचा मार्ग अरुंद करते, कधी मदरबोर्डला किंवा पंख्याच्या घराला टेकते. मग पंखा घासतो आणि मशीन आणखी तापते. म्हणूनच कूलिंग पॅड आणून प्रश्न सुटल्यासारखा वाटणे घातक आहे. पॅड उष्णता थोडी कमी करतो, पिशवीतला वायू कमी करत नाही.

बॉडी कुठे वाकली आहे?

निदानाची निम्मी उत्तरे वाकलेल्या जागेतच असतात. बहुतेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि पंखा बिजागरीच्या बाजूला, कीबोर्डच्या वरच्या भागाखाली असतात. बॅटरी पुढच्या बाजूला, मनगटे टेकतो त्या पट्ट्याखाली आणि टचपॅडच्या आसपास असते.

• टचपॅड उचललेले, मनगटाखालचा भाग फुगीर, तळ मध्यभागी बाहेर आलेला, कीबोर्ड मध्ये वर आलेला: बॅटरी फुगली असेच गृहीत धरा.

• बिजागरीजवळचा एकच कोपरा उघडलेला, स्क्रीन हलवताना कटकट आवाज, प्लास्टिकला तडा: बहुधा बिजागरी घट्ट झाली आहे आणि तिने आतले स्क्रू बसवायचे पितळी नट प्लास्टिकातून उपटले आहेत.

• गरम हवा बाहेर पडते त्या जाळीजवळच रंग बदललेला किंवा कड थोडी वेडीवाकडी: इथे मात्र उष्णतेचा हात असू शकतो.

• एखादा कोपरा दबलेला, खरचटलेला: लॅपटॉप पडला आहे. आतल्या बॅटरीलाही मार बसला असू शकतो, म्हणून लक्ष ठेवा.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तासभर थंड होऊ द्या. स्वयंपाकघराच्या ओट्यासारख्या सपाट जागेवर ठेवा. तो डुगडुगतो का, कडेने पट्टी लावली तर खाली उजेड दिसतो का, हे पाहा. फुगीर भाग दाबून सपाट करायचा प्रयत्न मुळीच करू नका. मिटलेल्या झाकणावर पुस्तकांचे वजन ठेवणे हाही तोच घातक प्रयोग आहे. आतला पडदा फाटून दोन्ही थर एकमेकांना टेकले तर शॉर्टसर्किट होते.

बॅटरीच्या स्थितीचा आकडा दाखवणाऱ्या प्रोग्रामवरही पूर्ण विसंबू नये. ते उरलेली क्षमता सांगतात. पिशवीची जाडी मोजत नाहीत. ८० टक्के क्षमता दाखवणारी बॅटरीही फुगलेली असू शकते.

बॅटरी फुगली असेल तर

चार्जर लावू नका आणि लॅपटॉप सुरू करू नका. बरेच जण इथेच थांबतात, कारण मनात धास्ती असते ती डेटाची. ती समजण्यासारखी आहे. पण डेटा बॅटरीत नसतो, एसएसडीत किंवा हार्ड डिस्कमध्ये असतो. तंत्रज्ञ ती डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडू शकतो. डिस्क मदरबोर्डवरच डकवलेली असेल, तर बॅटरी वेगळी करून केवळ अडॅप्टरवर मशीन चालते का ते तो पाहतो. बरेच लॅपटॉप असे चालतात, काही सावकाश चालतात, काही सुरूच होत नाहीत. ‘फक्त बॅकअपपुरता’ म्हणून फुगलेली बॅटरी चार्ज करणे टाळाच.

जुन्या धाटणीची, बाहेरून खटका दाबून निघणारी बॅटरी असेल तर ती काढून ठेवा. आतली बॅटरी अनुभवी माणसाकडूनच काढून घ्या. ती सहसा चिकट पट्ट्यांनी बसवलेली असते. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना पिशवीला भोक पडण्याची भीती असते. भोक पडले की हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

दुकानापर्यंत नेईतो लॅपटॉप फरशीवर, पडदे-गादी-कागद यांपासून दूर ठेवा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो सोडू नका. कुरियरने पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानातून नेण्यासही मनाई असते. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास, फुसफुस आवाज किंवा धूर जाणवला तर लॅपटॉप उचलून पळू नका. चार्जरचा भिंतीवरचा स्विच सहज हाताशी असेल तर बंद करा, माणसांना खोलीबाहेर काढा, दार लावा आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबणाऱ्या यंत्रात ती चिरडली की आग लागते आणि ती झळ सफाई कामगारांना बसते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सर्व्हिस सेंटरला ती परत घ्यायला सांगा किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.

नवी बॅटरी घेताना स्वस्त नक्कल टाळा. भारतात विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपच्या बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा.

बॉडी ठीक आहे, पण लॅपटॉप तापतो

बॅटरीची शंका फिटली की मगच पंख्याकडे वळा, आणि सोप्याकडून अवघडाकडे जा.

१. लॅपटॉप कडक, सपाट जागेवर ठेवा. तेवढ्याने तापमान उतरले तर दोष गादीचा किंवा उशीचा होता.

२. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर, मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर उघडा. काहीही काम चालू नसताना एखादा प्रोग्राम प्रोसेसर खात असेल, तर तो बंद करा. ब्राउझरच्या शेकडो टॅब आणि नको असलेले एक्स्टेन्शन हे नेहमीचे गुन्हेगार.

३. हवा बाहेर पडते तिथे हात धरा. पंख्याचा आवाज मोठा आणि हवा क्षीण असेल तर जाळी तुंबली आहे. आवाजच नसेल तर पंखा बंद पडला आहे. खरखर येत असेल तर त्याची बेअरिंग झिजली आहे.

४. धूळ काढताना मागचे कव्हर उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवावी लागते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने अडवून धरा, नाहीतर ती मर्यादेबाहेर फिरून पंखा खराब होतो. नमदा चिमट्याने काढावा; नुसत्या फुंकरीने तो जाळीत आणखी घट्ट बसतो. हे जमत नसेल तर सर्व्हिसिंगला द्या.

५. धूळ काढूनही सुरू केल्याबरोबर तापमान उसळत असेल, तर थर्मल पेस्ट बदलायची वेळ झाली आहे.

हवामानाचाही हिशेब धरा. अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद खोलीतली हवाच त्याहून गरम असते. अशा दुपारी जड काम टाळावे. निदान त्या वेळेपुरते चार्जिंग थांबवावे, कारण ४५ अंशांच्या वर तापलेल्या सेलला चार्ज करणे त्याच्या आयुष्याला मारक असते.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरवरच असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सुरू करा. आजकालच्या अनेक लॅपटॉपमध्ये ती कंपनीच्या सेटिंग्जमध्ये असते. बॅगेत ठेवताना नुसते झाकण मिटू नका, मशीन पूर्ण बंद करा. झोपलेला लॅपटॉप अपडेटसाठी आपोआप जागा होतो आणि बंद बॅगेत तापत राहतो. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवा, ना पूर्ण भरलेली ना पूर्ण रिकामी. आणि वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळ्याआधी, धूळ काढून घ्या.

चौकट: थोडक्यात

• उष्णतेने बॉडी सहसा वाकत नाही. टचपॅड किंवा तळ फुगला तर आधी बॅटरीवर संशय घ्या.
• फुगलेली बॅटरी बरी होत नाही. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका.
• डेटा डिस्कमध्ये असतो. बॅटरी काढूनही तो बहुधा मिळवता येतो.
• फुगवटा नसेल तरच धूळ, पंखा आणि पेस्ट तपासा.
• बॅटरी घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा केंद्रात द्या.

तापणारा लॅपटॉप चार दिवस थांबू शकतो. फुगलेला थांबू शकत नाही. आज काम संपल्यावर आपला लॅपटॉप बंद करून एकदा सपाट ओट्यावर ठेवून पाहा, आणि घरातल्या मुलांचा, आई-वडिलांचाही पाहा. तो डुगडुगला, तर चार्जर त्याच वेळी काढा आणि दुरुस्तीला द्या.